रज्जुमार्ग कामगार

डोंगरावर दोराच्या साहाय्याने माणसे वर-खाली नेणारी यंत्रणा चालवणारे आणि ती दुरुस्त ठेवणारे कामगार. बर्फाळ देशांत बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी असलेल्या अशा यंत्रणेला स्की-लिफ्ट म्हणतात. महाराष्ट्रात तिला रोपवे म्हणतात, आणि गडावर जाणारे भाविक बहुधा नुसते ‘ट्रॉली’ म्हणतात. बर्फ असो वा काळा कातळ, दोर, चाके आणि ब्रेक यांचे शास्त्र एकच आहे, त्यामुळे कामही पुष्कळसे एकसारखेच आहे. चालक फलाटावर किंवा नियंत्रण कक्षात बसतो. यांत्रिक, म्हणजेच फिटर आणि वायरमन, यंत्रघरात व खांबांवर काम करतो. लहान रोपवेवर तीच माणसे दोन्ही कामे आलटून पालटून करतात.

माणसे बसवून नेणारी पहिली खुर्ची-लिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, सन व्हॅली येथे सुरू झाली. जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या सरकत्या आकड्यांवरून जेम्स करन या अभियंत्याला ती सुचली. भारतात बर्फावरचे मोठे उदाहरण काश्मीरमधील गुलमर्गचे. तेथील गोंडोलाचा, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवाट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातील ठळक रोपवे रायगडचा. हिरकणीवाडीतून गडावर जाणारा हा मार्ग १९९६ मध्ये खुला झाला. हजाराहून अधिक पायऱ्यांची चढण त्यामुळे चार-पाच मिनिटांवर आली. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून दोराने ओढली जाणारी ट्रॉली धावते. तिला फ्युनिक्युलर म्हणतात.

भारतातील या तिन्ही ठिकाणी यंत्रणेची जात वेगळी असल्याने कामाची रीतही बदलते. रायगडावर एक दोर केबिनचे वजन पेलतो आणि दुसरा तिला ओढतो. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या केबिन एकमेकींना तोलून धरतात, म्हणून मोटरला फक्त दोन्हींच्या वजनातला फरक ओढावा लागतो. गुलमर्गला एकच अखंड दोर फिरत राहतो आणि केबिन स्थानकात आली की तिची पकड दोरावरून सुटते. तेथे प्रत्येक पकड हा स्वतंत्र तपासणीचा विषय असतो. सप्तशृंगीला माणसे हवेत लोंबकळत नाहीत, पण रूळ, रुळांमधील रोलर आणि त्यांवरून पळणारा दोर यांच्याकडे रोज लक्ष द्यावे लागते. तेथला फिटर खांबावर चढण्याऐवजी चढाच्या रुळांवरून पायी फिरतो.

दिवसाची सुरुवात पहिला प्रवासी येण्याच्या बरीच आधी होते. यंत्रघरात गिअरबॉक्सचे तेल, बेअरिंगचा आवाज, ब्रेकच्या पट्ट्या आणि दोर ताणून धरणाऱ्या वजनाची जागा पाहिली जाते. मग रिकामी फेरी सोडतात. या फेरीत यांत्रिक स्वतः बसतो आणि प्रत्येक खांबाजवळून जाताना चाकांच्या रांगेकडे पाहतो, त्याहून अधिक ऐकतो. चाकाचे रबर झिजले की खडखड बदलते, आणि अनुभवी माणसाला नेमके कोणते चाक बोलते आहे ते कळते. खांबांवर दोर चाकावरून घसरला तर यंत्रणा आपोआप थांबवणारे स्विच असतात. तेही तपासून झाल्यावर वरचे आणि खालचे स्थानक फोनवर एकमेकांना होकार देतात, लॉगबुकात सही होते आणि तिकीट खिडकी उघडते.

सर्वांत जास्त काळजी दोराची. बाहेरून तुटलेली तार दिसते किंवा जाड हातमोज्यातून चाचपताना लागते, पण आतली दिसत नाही. त्यासाठी दोर चुंबकीय यंत्रातून सरकवतात आणि आतल्या तुटक्या तारा व झिजलेले पोलाद यांचा आलेख काढतात. खुर्ची किंवा केबिन दोराला कायमची आवळलेली असेल, तर ठरावीक काळाने तिची जागा थोडी पुढे सरकवावी लागते. नाही तर दोर एकाच ठिकाणी वाकून थकतो. फिरत्या दोराची दोन टोके जोडण्याचे काम तर या व्यवसायातले सर्वांत कसबी मानले जाते. तेथे गाठ चालत नाही आणि क्लॅम्पही चालत नाही, कारण सांधा चाकांवरून दोराइतकाच गुळगुळीत गेला पाहिजे. दोन्ही टोकांचे पेड उलगडून, एकमेकांत गुंफून, शेवटची टोके दोराच्या गाभ्यात दडवतात. सांध्याची लांबी दोराच्या व्यासाच्या सुमारे बाराशे पट ठेवतात. दोर ४० मिलिमीटर जाडीचा असेल तर सांधा ४८ मीटर लांब होतो. एवढी लांबी दहा-बारा माणसे एका कारागिराच्या इशाऱ्यावर दिवसभर हाताळतात. हे कसब पुस्तकातून येत नाही. ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

ब्रेक दोन असतात. रोजचा ब्रेक मोटरच्या बाजूला लागतो. आणीबाणीचा ब्रेक दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकावरच आवळतो, म्हणजे मधला गिअरबॉक्स मोडला तरी चाक धरले जाते. वीज गेली तर डिझेल इंजिन सुरू करून हवेतल्या केबिन संथ वेगाने स्थानकात आणतात. तेही झाले नाही तर कामगार हार्नेस बांधून दोरावरून केबिनपर्यंत जातात आणि प्रवाशांना एकेक करून खाली सोडतात. याचा सराव नियमित करावा लागतो. गर्दीच्या हंगामात सरावासाठी सेवा बंद ठेवणे व्यवस्थापनाच्या जिवावर येते, पण तो टाळणे महागात पडते.

चालकाचे काम बाहेरून सोपे दिसते. दारे लावायची, वजन सम राखायचे, बटण दाबायचे. खरे तर त्याचे लक्ष एकाच वेळी वाऱ्याचा वेग दाखवणारा काटा, वरच्या स्थानकाचा आवाज आणि समोरची माणसे यांवर असते. खुर्ची-लिफ्टवर माणूस बसताना किंवा उतरताना अडखळला की क्षणात वेग कमी करावा लागतो. बर्फाच्या ठिकाणी हाच माणूस पहाटे फावड्याने चढण्या-उतरण्याची जागा सारखी करतो आणि चाकांवर गोठलेला बर्फ ठोकून काढतो. सह्याद्रीत बर्फाची जागा पाऊस, धुके आणि वीज घेतात. रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळ्याला ६ जूनच्या सुमारास आणि सप्तशृंगीला चैत्रोत्सव व नवरात्रात अलोट गर्दी होते. या दिवसांत चालकाला सुट्टी नसते. उपाशीपोटी आलेल्या, पहिल्यांदाच केबिनमध्ये बसणाऱ्या आजीबाईला धीर देणे हेही त्याचेच काम, आणि ते कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

गर्दी वाढते तसा थांबवण्याचा निर्णय अवघड होतो. तास-तास रांगेत उभे असलेले लोक वाऱ्यासाठी सेवा बंद केली की चिडतात आणि तो राग फलाटावरच्या माणसावर निघतो. या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा अधिकार थांबवण्याचा आहे, आणि तो खालच्यातल्या खालच्या कामगाराकडेही विनाअट असला पाहिजे. अपघाताची किंमत काय असते ते दोन घटना सांगतात. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला सोसाट्याच्या वाऱ्यात झाड उन्मळून गोंडोलावर पडले आणि सात जण दगावले. १० एप्रिल २०२२ रोजी झारखंडमध्ये देवघरजवळ त्रिकूट डोंगरावर केबिन एकमेकींवर आदळल्या, तीन जण मरण पावले, आणि दरी खोल असल्याने अडकलेल्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सोडवायला ४० तासांहून अधिक काळ लागला.

अपघातांच्या बातम्यांत प्रवाशांची संख्या येते, कामगार बहुधा शेवटच्या ओळीत जातात. हिमाचल प्रदेशातील परवाणू येथे १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ओढणारा दोर तुटला. लष्कराने दहा प्रवाशांना वाचवले. केबिनमधील परिचर मात्र आधीच उडी टाकताना प्राणाला मुकला होता. ६ सप्टेंबर २०२५ रोजी गुजरातमधील पावागडावर बांधकामाचे सामान नेणाऱ्या रोपवेचा दोर तुटून सहा जण मेले. त्यांत दोन लिफ्टमन होते. खराब हवामानामुळे भाविकांचा रोपवे त्या दिवशी बंद ठेवला होता, सामानाचा चालू होता. प्रवाशांसाठी जी काळजी घेतली जाते ती सामानाबरोबर जाणाऱ्या कामगारांसाठीही घेतली गेली पाहिजे, हे या घटनेने उघड केले.

काम हंगामी असते. युरोप-अमेरिकेत चालकांची मोठी भरती हिवाळ्यापुरती होते, आणि यांत्रिक उन्हाळाभर चाके, पकडी, बेअरिंग उतरवून तपासतात. आपल्याकडे हे मोठे काम पावसाळ्यात, प्रवासी घटल्यावर काढतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला ही लय ओळखीची वाटेल. १९५० मध्ये सुरू झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून जिल्ह्यातील कारखान्यांचे फिटर अशाच वर्षचक्रात जगत आले आहेत. गाळप चालू असताना पाळी चुकवता येत नाही, आणि गाळप संपले की संपूर्ण कारखाना खोलून पुन्हा जोडायचा असतो. साखर धंद्यात हंगामी कामगाराला बंद काळासाठी रिटेन्शन भत्ता देण्याची पद्धत आहे. हंगामानंतर कसबी माणूस निघून गेला तर पुढच्या हंगामात यंत्र नवख्या हातात पडते, हे त्यामागचे साधे कारण. रोपवेच्या यांत्रिकालाही हा न्याय लागू व्हावा, कारण येथे नवख्या हाताची चूक हवेत लटकलेल्या माणसांना भोवते.

रोपवेच्या कामाला लागणारी मूळ कौशल्ये अहिल्यानगर जिल्ह्यात मुबलक आहेत. आयटीआयमधून फिटर, वायरमन, वेल्डर झालेली मुले साखर कारखान्यांत आणि औद्योगिक वसाहतींत काम करतातच. त्यांवर उंचीवरचे काम, दोराची पारख आणि सुटकेचा सराव यांची भर घातली की रोपवेचा यांत्रिक तयार होतो. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात डोंगरी भागांतील रोपवेसाठी पर्वतमाला कार्यक्रम जाहीर केल्यापासून अशा माणसांची गरज वाढली आहे. खांब उभारण्याआधी त्यांच्या प्रशिक्षणाची सोय व्हायला हवी.

डोंगरचढणीचे कष्ट याच जिल्ह्यातही दिसतात. अकोले तालुक्यात महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे, १,६४६ मीटर उंच. बारी गावातून निघणाऱ्या त्या वाटेवर अवघड कातळांना लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्या शिड्या चढून भाविक देवीच्या दर्शनाला जातात, आणि वाटेवर चहा-भजी विकणारे गावकरी आपले सामान डोक्यावर आणि पाठीवर वाहून नेतात.