सर्दीवरील मिश्र औषधे

हिस्टामीनविरोधी द्रव्य आणि नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करणारे द्रव्य यांचे ठराविक प्रमाणातील मिश्रण म्हणजे सर्दीवरील मिश्र औषध होय. पहिल्या द्रव्यामुळे शिंका, खाज व पाण्यासारखा स्राव कमी होतो. दुसऱ्यामुळे श्लेष्मकलेची (अस्तराची) सूज ओसरते. सर्दी ज्या व्हायरसामुळे होते त्यावर यांपैकी कोणतेही द्रव्य काम करीत नाही. या औषधांचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दोन्ही घटकांचे उगम वेगळे आहेत. नाक मोकळे करणाऱ्या द्रव्यांचे मूळ एफेड्रा या वनस्पतीत आहे. चीनमध्ये ती ‘मा हुआंग’ या नावाने प्राचीन काळापासून औषधात वापरली जाते. तिची एक जाती हिमालयात आढळते व वैदिक सोम ती हीच, असेही मत काही विद्वानांनी मांडले आहे. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये तिच्यापासून एफेड्रीन वेगळे केले. १९२४ च्या सुमारास चेन व श्मिट यांनी त्याची क्रिया पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडली. सूडोएफेड्रीन, फेनिलप्रोपॅनोलामीन व फेनिलेफ्रीन ही अनुकंपी तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेच्या एका भागावर) अशाच प्रकारे परिणाम करणारी द्रव्ये आहेत. हिस्टामिनाची शरीरातील क्रिया डेल व लेडलॉ यांनी १९१० च्या सुमारास दाखविली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बोव्हे व स्टाउब यांना १९३७ मध्ये तिला विरोध करणारे पहिले द्रव्य सापडले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिस्टामीनविरोधी गोळ्या सर्दी बरी करतात असा गाजावाजा अमेरिकेत झाला. ब्रिटनच्या वैद्यक संशोधन मंडळाने घेतलेल्या चाचणीत (१९५०) त्यांचा सर्दीवर विशेष उपयोग दिसला नाही, तरीही खप वाढतच गेला. गुंगी आणणाऱ्या द्रव्याबरोबर उत्तेजक द्रव्य दिले की एकाचा दोष दुसरे भरून काढील, अशी मिश्रणामागील कल्पना होती. ती कागदावर सोयीची, पण प्रत्यक्षात दोन्हींचे दोष एकत्र येण्याची शक्यता तेवढीच असते. मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दिसून आल्यामुळे २००० मध्ये अमेरिकेत फेनिलप्रोपॅनोलामीन बाजारातून मागे घेण्यात आले. भारत सरकारने त्याविषयीची मनाईची अधिसूचना २०११ मध्ये काढली. सूडोएफेड्रिनापासून मादक द्रव्य बनविता येत असल्याने त्यावर निर्बंध आले आणि बहुतेक मिश्रणांत फेनिलेफ्रीन आले. ते पोटातून घेतल्यास यकृत व आतडे यांतच त्याचा बराच नाश होतो. नाक मोकळे करण्यास ते तोंडावाटे निरुपयोगी आहे, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला.

मिश्रणांवरील नियंत्रणाचा भारतातील इतिहास संथ आहे. चोप्रा समितीच्या (१९३०-३१) शिफारशींनंतर १९४० चा औषधिविषयक कायदा झाला. राज्यांच्या परवान्यांवर, केंद्राच्या मंजुरीवाचून निघालेल्या मिश्रणांची तपासणी करण्यासाठी २०१४ मध्ये बेळगावच्या के. एल. ई. विद्यापीठाचे कुलगुरू चं. का. कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव त्यांच्या पाठ्यपुस्तकामुळे परिचित आहे. समितीच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. तीत सर्दी-खोकल्याची मिश्रणे बरीच होती. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे निषिद्ध ठरली. क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रीन यांचे मिश्रण मात्र याच समितीने युक्त ठरविले होते व २०१५ मध्ये त्याचे उत्पादन चालू ठेवण्यास संमती मिळाली होती. ते तान्ह्या मुलांना सर्रास दिले जाते हे लक्षात आल्यावर, चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश १८ डिसेंबर २०२३ रोजी निघाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याची राजपत्रित अधिसूचना झाली.

त्यानंतर काही महिन्यांतच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुलांची लघवी बंद होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपुरास आणले गेले व वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या पातळ औषधात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रीन हे घटक होते. तमिळनाडूतील तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. त्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. मृत्यूचे कारण हे विष होते, मूळ घटक नव्हेत, हा भेद करावाच लागतो. परंतु ज्या आजारासाठी औषधाची गरजच नव्हती त्यासाठी ही बाटली घरोघरी गेली, हेही तितकेच खरे. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनातून १४ रुग्णांच्या मृत्यूस कारण झाले होते व न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती.

वापरातील धोके बहुधा साध्या चुकांतून उद्‌भवतात. तान्ह्या मुलांच्या थेंबांत १ मिलि.मध्ये २ मिग्रॅ. क्लोरफेनिरामीन व ५ मिग्रॅ. फेनिलेफ्रीन असते. थेंबनळीऐवजी ५ मिलि.च्या चमच्याने ते दिल्यास मात्रा पाचपट होते. तापाची वेगळी गोळी चालू असताना मिश्रणातील पॅरासिटामॉल पुन्हा पोटात जाते. उच्च रक्तदाब, हृद्‌रोग, अवटुग्रंथीची अतिक्रिया, काचबिंदू किंवा अष्ठीला ग्रंथीची वृद्धी असलेल्यांनी, तसेच मोनोअमाइन ऑक्सिडेजरोधक औषधे घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ही मिश्रणे घेऊ नयेत. मद्याबरोबर गुंगी वाढते. वाहन किंवा मळणीयंत्र चालविणाऱ्याने हे विशेष लक्षात घ्यावे. नाकात घालण्याचे थेंब आठवड्याहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. लहान मुलाच्या साध्या सर्दीस पुरेसे द्रव पदार्थ, विश्रांती व मिठाच्या पाण्याचे थेंब बहुधा पुरतात. श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच मात्र रुग्णालय गाठावे.

औषधिविषयक नियमांनी हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यांत परवान्याशिवाय काही घरगुती औषधे विकण्याची मुभा दिली, तेव्हा तीत खोकल्याची पातळ औषधे धरली होती. परंतु हिस्टामीनविरोधी द्रव्ये ज्या अनुसूचीत (‘जी’) येतात तिच्यातील घटक असलेली औषधे तीतून वगळली होती. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या मोठ्या गावाला तर ही मुभा लागूच पडत नाही. तेथे अशी बाटली परवानाधारक औषध दुकानातूनच विकली जावी, असे नियम सांगतात. या अनुसूचीतील औषधाच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीशिवाय ते घेणे धोक्याचे आहे, हा इशारा छापणे बंधनकारक आहे. तो सामान्यतः इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो.