दारूबंदी कोणाची?

दारू हा पिणाराच्या स्वभावाचा दोष कीं सरकारच्या तिजोरीचा आधार, हा वाद आपल्याकडे निदान दीडशें वर्षें चालू आहे. २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्याचा या वादाशीं संबंध फार निकटचा. त्याचा इतिहास पाहिला असतां दारूबंदी कशानें टिकते आणि कशानें फसते, याचा बराच उलगडा होतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम सरकारची बाजू पाहूं. मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं अबकारीचा कायदा झाला. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारनें आपल्या मुठींत ठेवला आणि पैसा घेऊन तो मक्तेदारांस दिला. खप अधिक तर वसूल अधिक, हें गणित तेव्हांच बसलें. त्याविरुद्ध ओरड होण्यास विलंब लागला नाहीं. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं शहरांतील वाढत्या दुकानांविषयीं तक्रार केली. १९०८ सालीं त्याच शहरांत टिळकपक्षाचे स्वयंसेवक दुकानांपुढें उभे राहून गिऱ्हाइकांस परत पाठवूं लागले. १९३९ च्या ऑगस्टांत खेर मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. पण त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि तो प्रयोग टिकला नाहीं. स्वराज्यानंतर १९४९ चा कायदा आला व १९५० च्या एप्रिलपासून सबंध मुंबई राज्यांत पूर्ण बंदी झाली. घटनेच्या ४७ व्या कलमानेंही मादक पेयांची बंदी हें राज्यकर्त्यांचें ध्येय ठरविलें.

आतां एक योगायोग पाहा. १९५०-५१ च्याच हंगामांत प्रवरेच्या परिसरांत, लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यास स्वतःच्या पायांवर उभें करणाऱ्या या कार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण साखर काढून झाल्यावर मळी उरते आणि मळीपासून मद्यार्क निघतो. तो औषधांस व रसायनांस लागतो हें खरें. दारूही त्याचीच होते हेंही तितकेंच खरें. पुढें १९७३ सालीं देशी दारूचे नियम झाले व परवान्यानें विक्री सुरू झाली. बंदीचा कायदा पुस्तकांत राहिला आणि दुकानें रस्त्यावर आलीं. मळीला गिऱ्हाईक मिळालें, तिजोरीला कर मिळाला. ज्या घरांतल्या चुली विझल्या त्यांचा हिशेब मात्र कोणत्याच वहींत मांडला गेला नाहीं.

याच जिल्ह्यांत, उसाच्या बागाईतापासून दूर, पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धी आहे. पाऊस तुटपुंजा, पिकाचा भरंवसा नाहीं; म्हणून लोक दारू गाळूं लागले, आणि त्या लहानशा गांवांत तिसांहून अधिक भट्ट्या झाल्या. १९७५ सालीं सैन्यांतून परतलेले किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांनीं आधीं यादवबाबांचें पडकें देऊळ दुरुस्त केलें आणि मग तेथेंच सभा भरवून भट्ट्या बंद करण्याचा ठराव करविला. देवापुढें झालेला ठराव मोडणें लोकांस जड गेलें. बहुतेकांनीं भट्ट्या आपण होऊन विझविल्या. उरलेल्या तरुणांच्या मंडळानें फोडल्या. पुढें एका होळींत विडी-तंबाखूचीही आहुति पडली. यांतील मर्म असें कीं त्याच सुमारास पाणी अडविण्याचीं कामें होऊन भट्टीवाल्याला शेतीवर पोट भरतां येऊं लागलें.

परंतु या यशाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. न ऐकणाऱ्या दारूबाजांस देवळापुढील खांबास बांधून लष्करी पट्ट्यानें मारीत. अण्णांनीं स्वतः हें नाकारलेलें नाहीं. आई लेकराच्या हितासाठींच कठोर होते, अशा धर्तीचें त्याचें समर्थन झालें. आम्हांस तें पटत नाहीं. व्यसन हा रोग आहे असें आजचें वैद्यक सांगतें, आणि रोग्यास मारल्यानें रोग जात नाहीं. शिवाय ज्या खांबास आज दारूबाज बांधला, त्याच खांबास उद्यां गांवाला नकोसा झालेला कोणीही बांधला जाईल.

मग तिजोरी व खांब यांवांचून तिसरा मार्ग कोणता? तो स्त्रियांच्या हातीं आहे. राज्य सरकारच्या २००८ सालच्या आदेशाप्रमाणें एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केली असतां गुप्त मतदान घेतां येतें. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशीं दोन चिन्हें असतात. पारनेर तालुक्यांतीलच निघोजच्या स्त्रियांनीं २०१६ सालीं बाटली आडवी केली. मात्र अट अशी कीं, पडलेल्या मतांच्या नव्हे, तर एकंदर मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें मिळालीं पाहिजेत. म्हणजे जी बाई नवऱ्याच्या धाकानें घरीं राहिली, तिचें मत दुकानदाराच्या पदरांत पडतें!

दुकान बंद झालें म्हणजे दारू संपली, असेंही नव्हे. २०१७ च्या फेब्रुवारींत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमींत, नगर तालुक्यांतील पांगरमल येथें एका मेजवानींत बनावट दारू पिऊन अनेक माणसें दगावलीं. अशा दारूंत मिथिल अल्कोहोल असलें कीं शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल होतें. प्रथम दृष्टि जाते, मग प्राण जातो. मतें मागणाराच जेथें पेला पुढें करतो, तेथें नुसती बंदी काय करणार?

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. बाटलीच्या मतदानांत पडलेल्या मतांचीच मोजणी व्हावी. ज्या गांवीं दुकान बंद होईल, तेथें विकणारास दुसरा धंदा आणि पिणारास तालुक्याच्या रुग्णालयांत उपचार मिळावा. आणि त्याचा खर्च दारूच्या उत्पन्नांतूनच व्हावा. दीडशें वर्षें तो पैसा घेणाऱ्या तिजोरीस एवढी फेड कांहीं अवघड नाहीं.