पेशंटची पिशवी आणि सरकारचा संगणक

मेहकरच्या स्टँडवर सकाळी अकोल्याची किंवा संभाजीनगरची गाडी लागली, की कुणाच्या तरी काखेत प्लास्टिकची पिशवी दिसतेच. आत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, घड्या पडलेला केस पेपर. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मीही असाच निघालो होतो. ज्या दवाखान्यात ते आधी ॲडमिट होते, तिथंच त्यांची जुनी नोंद सापडली नाही. पिशवीत डिस्चार्ज कार्ड होतं म्हणून निभावलं.

संगणक येऊन एवढी वर्षं झाली, तरी ही पिशवी का सुटत नाही? थोडा इतिहास बघू.

1987 साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात लिहिलेलं काही सापडतच नव्हतं. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित पेशंट दवाखान्यात पोचवले आणि मग नोंद केली. परिणाम असा, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीपेक्षा लवकर उपचाराला येऊ लागल्या. नोंदीचा फायदा पेशंटला झाला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

2005 ला ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावात आशाताई आल्या. 2009 पासून प्रत्येक गरोदर माता आणि बाळाची नावानिशी नोंद संगणकावर जाऊ लागली. 2016 ला नर्सताईंसाठी 'अनमोल' हे ॲप आलं. नंतर बीपी-शुगरच्या तपासणीचं वेगळं ॲप. हेतू चांगलाच होता. पण रजिस्टर काही बंद झालं नाही! दिवसा वहीत लिहा, संध्याकाळी रेंज शोधत तेच मोबाईलमध्ये भरा. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनासोबत ऑनलाइन कामाच्या सक्तीचा मुद्दाही होता. तो उगाच नव्हता.

मोठ्या दवाखान्यांचं वेगळंच. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत खासगी कंपनीच्या मदतीनं संगणकीय नोंदी सुरू झाल्या होत्या. केस पेपर, तपासण्या, रिपोर्ट, सगळं त्यावर. 2022 च्या जुलैमध्ये करार आणि पैशाच्या वादातून ती यंत्रणा बंद पडली. डॉक्टर पुन्हा पेन-कागदावर आले, ओपीडीसमोर रांगा वाढल्या. पुढं केंद्राच्या एनआयसीची प्रणाली आणली गेली. भांडण सरकार आणि कंपनीचं, पण हाल झाले ते लांबून आलेल्या पेशंटचे.

आता 'आभा' आहे. 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मिशनचा हा 14 अंकी नंबर. कल्पना अशी, की नोंद कुठल्याही दवाखान्यात असो, पेशंटच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला ती दिसावी. कल्पना झकास आहे. पण कार्ड काढणं वेगळं आणि त्याला आपले रिपोर्ट जोडलेले असणं वेगळं. तुमच्या कार्डाला एक तरी रिपोर्ट जोडलाय का, जरा बघा.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. बार्शीत नोंद पेशंटकडे परत आली. नंतरच्या बहुतेक नोंदी वर गेल्या, तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबई-दिल्लीला. खाली आलं ते टार्गेट.

2024 पासून बुलडाण्यात आपलं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. जिल्ह्याची घडी नव्यानं बसतेय, म्हणून आत्ताच बोललं पाहिजे. तीन गोष्टी मागू या. एक, ॲपमध्ये भरलेलं पुन्हा रजिस्टरमध्ये लिहायला लावू नका. दोन, संगणकावर नोंद झाली की पेशंटला समजेल अशा मराठीत एक छापील कागद हातात द्या. तीन, कंपनी बदलली, करार संपला, तरी जुन्या नोंदी सरकारच्याच ताब्यात राहिल्या पाहिजेत.

आणि आपलंही एक काम. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटनं मागितल्यावर डॉक्टरनं 72 तासांच्या आत त्याच्या नोंदी द्यायच्या असतात. भांडू नका, पण लेखी मागा.

तोवर पिशवी सांभाळा, मंडळी. आणि जानेफळ, डोणगाव, हिवरा आश्रम, कुठल्याही गावच्या आशाताई-नर्सताई हे वाचत असतील, तर सांगा: दिवसाचे किती तास पेशंटसाठी जातात आणि किती मोबाईलसाठी? तुमचं नाव न घेता पुढच्या पोस्टमध्ये मांडतो.