'डिस्को दीवाने' आणि नानीचं पत्र

आठवीच्या वर्गाला मी मराठीचा एक गृहपाठ दिला होता. घरातल्या मोठ्या माणसाला त्याचं आवडतं जुनं गाणं विचारायचं आणि ते गाणं त्याच्यापर्यंत कसं पोचलं, ते दहा ओळींत लिहायचं. आमची मुलं उर्दू माध्यमाची. मराठी लिहायचं म्हटलं की कंटाळतात, पण गाण्यावर लिहायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या वह्या वेळेवर आल्या. कुणी रफीसाहेबांचं गाणं आणलं, कुणी कुमार सानूचं. एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या आईला 'डिस्को दीवाने' आवडतं आणि ते 'स्टुडंट ऑफ द इयर' या चित्रपटातलं आहे.

मी म्हटलं, "बेटा, तो चित्रपट २०१२चा. मूळ गाणं १९८१चं. जिने गायलं ती तेव्हा सोळा वर्षांची होती. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी."

वर्गाचा विश्वास बसेना. त्या मुलीने लगेच विचारलं, "टीचर, ती कुठली होती?"

मी म्हणाले, "लंडनची."

हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. एक शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो गिळला. हा शब्द आज घरी जाईल, उद्या कुणीतरी विचारेल की वर्गात 'तिकडची' गाणी का शिकवता, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. तास संपला. त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आज इथे लिहिते आहे.

नाझिया हसन ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत जन्मली. बालपण काही कराचीत, काही लंडनमध्ये गेलं. लंडनमध्येच तिची ओळख फिरोज खान यांच्याशी झाली, ती झीनत अमानमुळे. फिरोज खान तेव्हा 'कुर्बानी' बनवत होते. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं त्यांनी बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं. तो माणूस म्हणजे बिड्डू.

बिड्डू मूळचे बेंगळुरूचे. तिथे 'ट्रोजन्स' नावाच्या बँडमध्ये गात होते. साठच्या दशकात नशीब काढायला इंग्लंडला गेले. १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लस या जमैकात जन्मलेल्या गायकाकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून घाईघाईत केलेलं ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. तेच बिड्डू आता एका शाळकरी मुलीकडून हिंदी गाणं गाऊन घेत होते.

'कुर्बानी' १९८० साली आला आणि 'आप जैसा कोई' गल्लोगल्ली वाजू लागलं. तोवर आपल्या कानांना नायिकेचा आवाज म्हणजे लताबाई किंवा आशाबाई हेच माहीत. हा आवाज थोडा नाकातला, ना तान ना हरकत, शेजारची मुलगी गच्चीवर गुणगुणते आहे असा. त्या आवाजाला फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी नाझिया आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब यांचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला. त्याला ना चित्रपट, ना हीरो. केवळ गाण्यांसाठी लोकांनी तो विकत घेतला. आपल्याकडे पॉप म्हणतात त्याची पायवाट इथून रुंद झाली. १९९५मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' गाजलं, तेही बिड्डूंचंच. ते आधी नाझियाला देऊ केलं होतं आणि आपल्या देशातल्या लोकांचं मन दुखेल म्हणून तिने नाकारलं, असं सांगितलं जातं.

तिच्या देशातही तिचं सोपं नव्हतं. १९७७ पासून तिथे जनरल झिया यांची सत्ता. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायकांनी डोक्यावर दुपट्टा घ्यावा असा हुकूम होता, आणि त्याच काळात ही भावंडं डिस्को गात होती. पुढे नाझिया कायद्याचं शिकली, काही काळ संयुक्त राष्ट्रांत नोकरी केली. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. वय ३५. पाकिस्तान सरकारने तिला मोठा सन्मान दिला तो २००२ साली, ती गेल्यावर.

आता हे गाणं खेड तालुक्यातल्या आमच्या आजोळी कसं आलं ते सांगते.

कोकणी मुसलमानांच्या घरांत परदेशी असलेला माणूस ही जुनीच गोष्ट. आधी बोटीवरचे खलाशी, मग आफ्रिकेत गेलेले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात माणसं हवी झाली, तेव्हा गावंच्या गावं कुवेत, दुबई, सौदीकडे निघाली. माझे मामू कुवेतला होते. १९८२ साली सुटीवर येताना त्यांनी एक टू-इन-वन आणला आणि खालासाठी 'डिस्को दीवाने'ची कॅसेट. आखातातल्या बाजारात तेव्हा नकली कॅसेट जास्त खपत. ही अस्सल होती की नकली, याची आमच्या घरात कुणालाच फिकीर नव्हती.

ती कॅसेट गावभर फिरली. लग्नात गेली, मोहल्ल्यातल्या मुलींकडे गेली, परत येताना टेप गुंतलेली आली की खाला पेन्सिल घालून रीळ फिरवत बसायची. ज्यांना कायमची हवी ते खेडच्या दुकानात जाऊन कोरी कॅसेट भरून आणत. दुकानदाराला गाण्यांची यादी द्यायची: दोन नाझियाची, तीन किशोरची, एक कव्वाली. अशी यादी देताना देश कुठला हे कुणी लिहीत नव्हतं.

पण कॅसेटचं खरं काम दुसरंच होतं. नानीला कुराण वाचता येत होतं, पण पत्र लिहिता येत नव्हतं. म्हणून ती कॅसेटमध्ये बोलायची आणि कुवेतला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत ती कॅसेट जायची. महिन्या-दोन महिन्यांनी मामूंच्या आवाजात उत्तर यायचं. कोकणातल्या किती घरांनी अशी बोलकी पत्रं पाठवली असतील.

जुलै १९९०मध्ये घरात कोरी कॅसेट नव्हती आणि गावातला एकजण आठवड्याभरात निघणार होता. भरलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात. ती बुजवली की तिच्यावर पुन्हा आवाज भरता येतो. खालाने रडत रडत 'डिस्को दीवाने'च्या भोकांवर चिकटपट्टी लावली. नानी बी-बाजूवर बोलली. लावणी झाली, कौलं बदलायला झालीत, पैसे कमी पाठवलेस तरी चालेल पण या ईदला ये.

जाणारा माणूस निघायच्या आतच, २ ऑगस्टला इराकची फौज कुवेतमध्ये घुसली. ते पत्र गेलंच नाही. कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं, त्यांत मामू होते. इराकमार्गे बसने अम्मान आणि तिथून मुंबई. बारा वर्षांच्या कमाईतली एक हातातली पिशवी घेऊन ते दारात आले. काही दिवसांनी नानीने त्यांना समोर बसवून ते पत्र ऐकवलं. बोलणं संपलं आणि मागून नाझियाचं गाणं अर्ध्यातून सुरू झालं. सगळे हसले. मामू मात्र उठून अंगणात गेले.

नानीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे, नाझियाच्या दोन गाण्यांच्या मध्ये.

म्हणून मला दोन्हीकडच्या शिस्तप्रिय लोकांशी बोलायचं आहे. आपल्या घरातले म्हणतात, गाणं हरामच. संगीताबद्दल आपल्या उलेमांत शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गझालींनीही त्यावर सविस्तर लिहिलं आहे. 'दिल दिल पाकिस्तान' गाणारा जुनैद जमशेद पुढे गाणं सोडून दीनच्या कामाला लागला, तो त्याचा निर्णय होता. मी त्याचा आदर करते. नानी पाच वेळची नमाजी होती. अजान झाली की टेप बंद करायची आणि नमाज झाली की खाला पुन्हा चालू करायची. यावर आमच्या घरात कधी भांडण झालं नाही.

बाहेरचे विचारतात, ते गाणं तिकडचं ना? तर हिशेब असा: गायिका कराची-लंडनची, संगीतकार बेंगळुरूचा, चित्रपट मुंबईचा, कॅसेट कुवेतच्या बाजारातली आणि ऐकणारी कोकणातली. यातला कुठला तुकडा कापून बाजूला काढायचा? २०१६नंतर पाकिस्तानी कलाकारांना आपल्या चित्रपटांतून जवळजवळ बाहेर काढलं गेलं. सीमेवर माणसं मरतात तेव्हा राग येतो, मलाही येतो. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या गाण्यावर तो काढून कुणाचं रक्षण होतं, हे मला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि त्या मुलीला म्हटलं, "काल मी अर्धंच सांगितलं. ती कराचीत जन्मली. पाकिस्तानची होती." वर्ग क्षणभर गप्प झाला. मग ती म्हणाली, "टीचर, मग वहीत दोन्ही लिहू का?"

म्हटलं, दोन्ही लिही.

तुमच्याही माळ्यावर कॅसेटचा खोका असेल, तर फेकण्याआधी एकदा दोन्ही बाजू ऐका.