नवे लूव्हेन

बेल्जियममधील लूव्हेनचे १४२५ साली स्थापन झालेले कॅथलिक विद्यापीठ १९६८ साली भाषावादापायी दुभंगले. ग्रंथालयातील पुस्तकेदेखील सम-विषम क्रमांकांनी वाटली गेली. अशी वाटणी भाऊबंदकीतही विरळाच! फ्रेंच भाषिकांना ओतिन्यीजवळच्या शेतजमिनीवर नवा संसार मांडावा लागला. रेमों लमेर प्रभृती नियोजकांनी तेथे एकाकी विद्यापीठ-आवार न आखता नगरच आखले. १९७१ साली कोनशिला बसली. मोटारी व रेल्वे खाली, वर पादचाऱ्यांच्या अरुंद गल्ल्या नि चौक. व्याख्यानगृहांना लागूनच दुकाने व घरे. जमीन मात्र विद्यापीठाने विकली नाही, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. आमच्या मते खरी दूरदृष्टी येथेच दिसते. कारण नगर पुढे कसे वाढावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे विद्यापीठाकडेच राहिला.