छायाचित्र आणि चित्रकाराचा डोळा

एखाद्या जुन्या मराठी गावातील नगरवाचनालयात आपण गेलात, तर सभागृहाच्या भिंतींवर संस्थापकांची, देणगीदारांची आणि एखाद्या लोकनेत्याची तैलचित्रे ओळीने लावलेली दिसतात. त्यांपैकी कित्येक चित्रे अशी असतात की, ती काढणाऱ्या चित्रकाराने त्या गृहस्थांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलेच नसते. घरच्यांनी पेटीतून शोधून दिलेला, कडा पिवळ्या पडलेला एक फोटो, एवढेच त्याचे भांडवल. गंमत अशी की, एका चित्रापुढे आपण उभे राहिलो तर माणूस आता बोलेल असे वाटते. शेजारच्या चित्रात नाक, डोळे, पगडी सारे हुबेहूब असूनही भिंतीवर माणूस नाही, केवळ त्याचा मुखवटा आहे, अशी रुखरुख लागते. आधाराला फोटो दोघांनाही होता. मग हे अंतर पडले कशाने?

चित्रकलेच्या नव्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न निराळ्या रूपाने भेटतो. त्याला कोणी सांगतात, "फोटोवरून काढू नकोस, हात बिघडेल." पण लहान गावी राहणाऱ्या मुलापुढे तासन् तास स्थिर बसणारा माणूस कोठून येणार? धावता घोडा त्याने कोठे न्याहाळावा? त्याच्या वाट्याला छायाचित्रच येते. तेव्हा ते घ्यावे की टाकावे, यापेक्षा ते कसे घ्यावे हे त्याला सांगणे अधिक उपकारक आहे. हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना असून त्याची उत्तरे थोरामोठ्यांनी आपल्या चित्रांतून देऊन ठेवली आहेत. काही उत्तरे यशाची आहेत, काही अपयशाची; आणि दोन्ही सारखीच बोधप्रद आहेत.

1839 साली दागेर या फ्रेंच गृहस्थाची युक्ती पॅरिस येथे जाहीर झाली आणि सूर्यप्रकाशाच्या साह्याने चित्र उमटविण्याची विद्या जगाला कळली. दोनच वर्षांनी, 1841 मध्ये, इंग्लंडातील टॅल्बट यांनी कागदावर चित्र घेण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. या कागदी छायाचित्राचा चित्रकलेसाठी पहिला मोठा उपयोग झाला तो स्कॉटलंडमध्ये.

1843 च्या मे महिन्यात एडिंबरो येथे एक खळबळजनक घटना घडली. धर्मसंस्थेत सरकारी हस्तक्षेप नको, या तत्त्वासाठी साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशकांनी आपले वेतन, आपली राहती घरे आणि आपला मान यांवर पाणी सोडले आणि स्वतंत्र चर्चची स्थापना केली. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा निसर्गचित्रे काढणारा चित्रकार त्या दृश्याने भारावून गेला. तो सारा समुदाय एकाच पटावर रंगवावयाचा, असा त्याने संकल्प सोडला. पण ही मंडळी तर लवकरच आपापल्या गावी पांगणार! तेव्हा प्रसिद्ध शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याला सुचविले की, नव्या विद्येने सर्वांच्या छबी घ्याव्यात. रॉबर्ट ॲडमसन या बाविशीच्या आतबाहेरच्या तरुणाची जोड मिळाली, आणि दोघांनी उघड्या उन्हात माणसे बसवून काम सुरू केले. ॲडमसन 1848 च्या आरंभीच वारला. पण तोवरच्या पाचएक वर्षांत या जोडीने सुमारे तीन हजार छायाचित्रे घेतली होती.

हिलचे चित्र पुरे झाले 1866 साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. त्यात साडेचारशेहून अधिक चेहरे आहेत आणि प्रत्येक चेहरा ओळखू येतो. तरीही ते चित्र पाहताना मन कोठे स्थिरावत नाही. प्रत्येक डोके आपापल्या फोटोतून जसेच्या तसे उचलून आणले आहे. त्यामुळे सारेच मुख्य झाले आणि गौण कोणी उरले नाही. आज कलेच्या इतिहासात हिलचे नाव आदराने घेतात, ते त्या चित्रासाठी नव्हे, तर त्याच्या तयारीसाठी घेतलेल्या छायाचित्रांसाठी. त्या छायाचित्रांत माणसे बसविताना, उजेड निवडताना हिलचा चित्रकाराचा डोळा जागा होता. पटावर ती उतरविताना मात्र त्याने तो डोळा मिटून घेतला. शोभायमान शिदोरी बांधून घेतली खरी, पण प्रवासच राहून गेला.

याच काळात पॅरिसमध्ये एक अधिक सावध मनुष्य याच वाटेने चालला होता. युजेन देलाक्र्वा हा त्या वेळी फ्रान्समधील अग्रगण्य चित्रकार. 1850 साली मादाम काव्हे या बाईंनी शिक्षकावाचून रेखाटन कसे शिकावे, यावर एक छोटे पुस्तक लिहिले. देलाक्र्वा याने त्यावर मोठ्या कौतुकाने लेख लिहिला. बाईंची रीत साधी होती. पारदर्शक जाळीदार कापडावर प्रथम समोरच्या वस्तूच्या रेषा टिपून घ्यावयाच्या. मग ती टिपणी बाजूला ठेवून केवळ नजरेने तीच आकृती कागदावर काढावयाची, आणि पुन्हा टिपणीशी ताडून आपली चूक आपणच हुडकावयाची. शेवटी वस्तूही दूर करावयाची आणि टिपणीही. आता आकृती काढावयाची ती स्मरणाने. या रीतीत टिपणी हा पुरावा आहे, कुबडी नव्हे. चूक झाली हे सांगायला गुरू जवळ नसला, तरी टिपणी असते.

देलाक्र्वाने आपल्या लेखात छायाचित्राचाही विचार केला आहे. त्याच्या मते ते टिपणीपेक्षाही अधिक काही आहे, वस्तूचा आरसाच आहे. कारण निसर्गासमोर बसूनही आपण ज्या बारकाव्यांकडे दुर्लक्ष करतो, ते आरसा विसरत नाही. पण म्हणूनच ते थोडे खोटेही आहे. डोळा पाहतो तो निवडून पाहतो. यंत्र निवड करीत नाही.

1853 च्या मे महिन्यात त्याच्या घरी एक प्रसंग घडला. जेवणानंतर त्याने पाहुण्यांपुढे काही छायाचित्रे ठेवली. ती विवस्त्र मॉडेलांची होती, आणि त्यांतील काहींची अंगकाठी मुळीच डौलदार नव्हती. ती पाहून झाल्यावर त्याने मार्कान्तोनिओ रायमोंदी या जुन्या इटालियन कारागिराची कोरीव मुद्राचित्रे समोर मांडली. ही चित्रे पिढ्यान् पिढ्या आदर्श म्हणून गिरवली गेली होती. पण पाहुण्यांना आणि खुद्द यजमानालाही ती एकाएकी बेंगरूळ, साचेबंद आणि चुकीची वाटू लागली. देलाक्र्वाने हा अनुभव आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. नव्या विद्यार्थ्याला छायाचित्राचा पहिला लाभ कोणता, तर हा. पाठ केलेला डोळा, पाठ केलेला हात, पाठ केलेले झाड यांची भूल त्याने उतरते. आपण हात काढतो तो बहुधा समोर दिसणारा नसून मनात ठरून गेलेला असतो.

पुढल्याच वर्षी त्याने द्युरियो या छायाचित्रकाराच्या साह्याने मॉडेलांची छायाचित्रे घेतली. बैठका त्याने स्वतः ठरवल्या आणि त्या छायाचित्रांवरून पुष्कळ रेखाटने केली. 1857 मधील त्याचे एक लहानसे चित्र यांतील एका छायाचित्रावर आधारलेले आहे. बैठक तीच, पण रंग, वस्त्रे, भोवतालची छाया, सारे त्याच्या मनातले. जे छायाचित्राला सांगता येते तेवढेच त्याने छायाचित्राला विचारले. 1859 मध्ये त्याने असेही नोंदविले की, जी छायाचित्रे काहीशी अपुरी, अंधुक राहिलेली असतात, तीच मनाला अधिक भिडतात; कारण त्यांत डोळ्याला विसावा मिळतो. हिलच्या पटावर नेमका हाच विसावा नाही.

तिसरी हकीगत अमेरिकेतील आहे. शतकानुशतके चित्रकार धावता घोडा काढीत, तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे 1821 मधील एप्समच्या शर्यतीचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यातील घोडे जणू हवेत तरंगतात. 1878 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मायब्रिज याने एका रांगेत बारा कॅमेरे मांडून धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली. त्यांवरून सिद्ध झाले की, चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे. पोटाखाली आवळलेले असताना. घोड्यांची चित्रे काढण्यात आयुष्य घालविलेले मेसोनिए यांच्यासारखे चित्रकारही हे पाहून चकित झाले.

फिलाडेल्फियाचा टॉमस ईकिन्स हा चित्रकार या शोधाने भारला. 1879-80 मध्ये त्याने उद्यानातून जाणाऱ्या चौघोडी गाडीचे चित्र काढले. प्रत्येक पाय मायब्रिजच्या पुराव्याप्रमाणे अचूक. पण गाडीच्या चाकांचे आरे त्याने, डोळ्याला दिसतात तसे, गतीने पुसट झालेले रंगविले. परिणाम असा झाला की, चाके पळतात आणि घोडे मात्र जागीच गोठतात! यंत्राचे सत्य आणि डोळ्याचे सत्य एकाच पटावर शेजारी ठेवले की ती एकमेकांना खोटे पाडतात. गती म्हणजे एक क्षण नव्हे, अनेक क्षणांची सांगड होय. शिल्पकार रोदँ याने पुढे असेच मत मांडले: काळ थांबत नाही, म्हणून तो थांबविणारे छायाचित्रच फसवे.

ईकिन्सची आणखी एक गोष्ट अलीकडे उजेडात आली. 2001 च्या सुमारास त्याच्या चित्रांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा 1880 नंतरच्या काही चित्रांच्या रंगाखाली सूक्ष्म खुणा आढळल्या. छायाचित्राची आकृती पटावर प्रकाशाने पाडून त्याने मापे टिपली होती आणि मागाहून त्या खुणा रंगाने झाकून टाकल्या होत्या. एवढ्या समर्थ चित्रकाराला ही साधने लपवावीशी वाटली, यावरून त्या काळी छायाचित्राच्या आधाराची किती लाज वाटत असे ते कळते. वास्तविक लाज वाटण्याजोगे त्यात काही नव्हते. ज्याने मॉडेलसमोर वर्षानुवर्षे बसून शरीररचना अभ्यासली, त्याने वेळ वाचविण्यासाठी टिपणी घेतली. ज्याने अभ्यासच केला नाही, त्याची टिपणी मात्र मुकीच राहते.

आपल्याकडे ही विद्या लवकरच पोहोचली होती. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि 1857 मध्ये जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. यंत्राचा डोळा आणि शिक्षित चित्रकाराचा हात हे मुंबईत जवळजवळ जुळ्या भावंडांसारखेच वाढले. राजा रविवर्मा हेही छायाचित्रांचा आधार घेत असत. पुढे गावोगावच्या सभागृहांतील तैलचित्रे याच संगमातून निर्माण झाली.

या इतिहासातून नवशिक्याने काय घ्यावे? प्रथम हे की, एक डोळ्याचे यंत्र काही गोष्टी बिघडवून सांगते. जवळून घेतलेल्या छबीत नाक मोठे होते, सावल्या काळ्याकुट्ट होऊन त्यांतील छटा हरवतात, दूरची कड आणि जवळची कड सारख्याच धारदार दिसतात. म्हणून एका छायाचित्रावर विसंबू नये. एकाच वस्तूची दोनतीन बाजूंची चित्रे जवळ ठेवावीत, आणि शक्य तेव्हा ती वस्तू प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावी. दुसरे असे की, बाह्यरेषेपासून सुरुवात न करता आधी मोठे आकार आणि उजेड-अंधाराची वाटणी पाहावी. त्यासाठी डोळे किलकिले करावेत, म्हणजे बारकावे आपोआप मावळतात. तिसरे, मादाम काव्हे यांची रीत: पाहून काढावे, ताडून पाहावे, आणि मग छायाचित्र उलटे घालून स्मरणाने काढावे. आपल्या शाळांतील मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, तेव्हा त्यांना स्मरणचित्र काढावे लागते. ती निव्वळ परीक्षेची अट नव्हे. पाहिलेले आपले झाले की नाही, याची ती कसोटी आहे.

पुन्हा त्या वाचनालयाच्या भिंतीकडे वळू. ज्या चित्रकाराच्या हातून माणूस जिवंत उतरला, त्याने त्या पिवळ्या फोटोत नसलेली एक गोष्ट पटावर आणली होती. त्याने असंख्य जित्या चेहऱ्यांवर ऊन कसे पडते, म्हातारपणी पापणी कशी झुकते, बोलण्यापूर्वी ओठ कसे हलतात, हे आधीच मन लावून पाहिले होते. फोटोने त्याला एका माणसाची मापे दिली. प्राण त्याने इतर साऱ्या माणसांकडून आणला. आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात हजारो छायाचित्रे आहेत, आणि नव्या विद्यार्थ्याला आधाराची वाण उरलेली नाही. वाण पडलीच तर ती पाहण्याची पडेल. तेव्हा छायाचित्र खुशाल समोर ठेवावे. पण अधूनमधून ते बाजूला सारून खिडकीतून बाहेर रस्त्यावरही पाहावे.