सामुराई आणि नाइट
जपानचा सामुराई आणि मध्ययुगीन युरोपातील नाइट हे दोघेही मूळचे घोडेस्वार योद्धे. धन्याची लष्करी चाकरी हाच दोघांच्या प्रतिष्ठेचा पाया. चाकरीच्या मोबदल्यात नाइटला बहुधा जहागीर मिळे. एदो काळातील बहुतेक सामुराईंना मात्र ‘कोकू’ या मापाने तांदळाचा तनखा मिळत असे.

दोघांच्याही घोडदळाला पायदळाने हादरवले. १३४६ मध्ये क्रेसी येथे इंग्रज तिरंदाजांनी फ्रेंच नाइटांची दाणादाण उडवली. १५७५ मध्ये नागाशिनो येथे ओदा नोबुनागाच्या तोड्याच्या बंदुकांपुढे ताकेदांचे सैन्य हरले.

पुढील दीर्घ शांततेत तनख्यावर जगणारा सामुराई कारभारी बनला. १८७६ मध्ये तनखा आणि तलवार बाळगण्याचा हक्क दोन्ही गेले आणि हा वर्ग लयास गेला. नाइटची जहागीर व युद्धातील स्थान कालांतराने संपले, तरी ती पदवी ब्रिटनमध्ये आजही दिली जाते.